दोन्ही पंख

डाव्या पंखाच्या तिसऱ्या फासळीशी टाचणीचं एक भोक होतं. पंख खिडकीतल्या उन्हासमोर धरला की कागदाच्या आत ते दिसायचं... दिसायचं म्हणजे शालिनीला दिसायचं. दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तर त्याला नुसता ताणून बसलेला पिवळा कागद दिसला असता, आणि त्याच्या आत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पांढुरक्या फासळ्या, माशाच्या काट्यासारख्या ओळीनं उभ्या. तिनं एक डोळा मिटला. पंखाची पुढची कड आणि मागची कड एकमेकींवर आणून पाहिली. कुठंही पिळा नव्हता. आज सकाळपासून कितव्यांदा तरी ती हे पाहत होती, आणि दर वेळी तो पंख तितकाच सरळ होता, आणि दर वेळी तिच्या छातीत काहीतरी हळूच वर सरकत होतं – त्याला आनंद म्हणावं तर फार मोठा शब्द झाला असता, आणि समाधान म्हणावं तर अगदीच म्हातारा.

"शालू, झालं का? ग्रेवालसाहेब थांबले असतील," बाहेरून विश्वनाथ म्हणाला. स्कूटर पुसत असावा.

"आले," ती म्हणाली, आणि पंख जुन्या चादरीत गुंडाळू लागली.

विमानाच्या मॉडेलचं हे खोकं खरं त्याचं. त्याच्या थोरल्या भावानं इंग्लंडहून येताना आणलेलं – बाल्साच्या पातळ फळ्या, छापील आराखडा, छोटं इंजिन, आणि वेगळ्या डब्यात रेडिओचा संच, ज्यानं जमिनीवर उभं राहून वरचं विमान वळवता येतं. सर्वेक्षण खात्यातल्या माणसाला नकाशा समोर असला की हुरूप येतो. विश्वनाथनं आपला ड्रॉइंगचा पाट काढला, आराखडा त्यावर लावला, आणि एक पंख, डावा, करून टाकला. मग शिलाँगला बदली झाली. लेकीचं, लीनाचं, कॉलेज चंदीगडात, म्हणून दोघी इथंच राहिल्या, आणि खोकं कपाटाच्या माथ्यावर गेलं. थंडीत रजया काढताना ते खाली आलं. शालिनीनं उघडलं ते आत झुरळं शिरली आहेत का बघायला. झुरळं नव्हती. पंख होता – आणि तो आराखड्यावर ठेवला तेव्हा एक कोपरा वर उचललेला राहिला, डुगडुगत्या पाटाच्या पायासारखा. तिनं बोटानं दाबला. दुसरा कोपरा वर आला.

तिनं ठरवलं काहीच नव्हतं. सरळ करता येतो का बघावं, एवढंच. पण लाकूड एकदा पिळ्यात सुकलं की ऐकत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं – मिरजेला वडिलांच्या, अण्णांच्या दुकानात, बाजाच्या पेट्यांच्या दुरुस्तीत, तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. तिनं ब्लेड घेतलं. पहिली फासळी सुटताना बारीकसा आवाज झाला, पापड मोडावा तसा, आणि ती दचकून दाराकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली. त्याचं केलेलं काही तिनं आजवर उसवलं नव्हतं. शर्टाची चुकलेली गुंडीसुद्धा त्याला सांगून मग काढायची. आणि आता फासळ्या एकामागून एक सुटत होत्या, आणि हाताला त्याचं काहीच वाटत नव्हतं. हात आपला पुढंपुढं चालला होता.

मग ती थांबलीच नाही. दुपारची भांडी झाली की जेवणाच्या टेबलावर पाट, पाटावर आराखडा, आराखड्यावर मेणकागद आणि टाचण्या. डावा पंख, उजवा पंख, शेपटी, धड. कागद चढवून त्यावर लाखेसारखं पातळ द्रावण फिरवलं, की तो आधी सुरकुतायचा, रडवेला व्हायचा, आणि सुकतासुकता स्वतःच ताणत जायचा; टिचकी मारली की डफासारखा वाजायचा. घरभर नेलपॉलिशचा वास. "आई, तुम पागल हो गई हो. पूरे घर में स्मेल है," लीना म्हणायची. मग एक दिवस तिच्या मैत्रिणी आल्या, आणि स्वयंपाकघरात शालिनीला बाहेरचं बोलणं ऐकू आलं. "मेरी मम्मी ने बनाया है. नहीं यार, पापा तो शिलाँग में हैं. मम्मी ने. अकेले." पोळी तव्यावर करपली. ती बाहेर गेली नाही. गेली असती तर ते वाक्य आपल्यासाठी म्हटलेलं ठरलं असतं. न जाता ऐकलं म्हणून ते खरं होतं.

विश्वनाथ रजेवर आला तेव्हा विमान टेबलावर पूर्ण उभं होतं. तो त्याच्याभोवती हळू फिरला. मग डाव्या पंखावर हात ठेवून म्हणाला, "हा मी केलेला."

ती "हं" म्हणाली.

तेवढंच... एवढासा उच्चार, ज्याला होही म्हणता येतं आणि नाहीही. त्यानंतर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "झालं बुवा एकदाचं विमान." झालं. ताप उतरतो, तसं आपोआप झालं. त्यात त्याचा काही डाव नव्हता. तो तसा माणूसच नव्हता. तिच्यासाठी त्यानं शिलाँगहून तिकडची साडीसारखी नेसायची मेखला आणली होती, आणि चहा गाळून स्वतः आणून देत होता. म्हणूनच तर ते बोलणं अवघड होतं.

सेक्टर त्रेचाळीस अजून नकाशावरच होतं. जागेवर नुसतं मोकळं मैदान, कडेला हिरव्या गव्हाची शेतं, लांबवर कसौलीचे डोंगर, मार्चच्या उन्हात पुसटलेले. स्कूटरवर मागं बसून शालिनीनं धड मांडीवर धरलं होतं, पंख खांद्याला लावून. लीना सायकलवर मागून आली. ग्रेवालसाहेब – हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढरी दाढी जाळीत बांधलेली – दर रविवारी इथं आपली मॉडेलं उडवत. विश्वनाथची त्यांच्याशी कुणीतरी ओळख करून दिली होती. तिला ते पहिल्यांदाच भेटत होते. "नमस्ते भाभीजी," म्हणाले आणि लगेच विमानाकडे वळले.

रबरांनी पंख बांधून झाला. त्यांनी विमान पंखाखाली दोन बोटांवर तोललं. ते आडवं राहिलं, किंचित नाक खाली. तसंच राहायला हवं होतं, त्यासाठी तिनं नाकात शिसं भरून, काढून, पुन्हा भरून पाहिलं होतं. त्यांची भुवई वर गेली.

"बहुत बढ़िया. किसने बनाया?"

"हमने," विश्वनाथ म्हणाला.

हमने... मराठीत असतं तर त्याला ठरवावं लागलं असतं – मी, की आम्ही. हिंदीत ठरवावं लागत नाही. इथले लोक एकट्याबद्दल बोलतानाही हम म्हणतात, आणि इतकी वर्षं इथं राहून तोही म्हणतो. भाजीवाल्याला म्हणतो, हमने कल पैसे दिए थे, आणि दिलेले असतात त्यानंच. त्या शब्दात मी असेन तर कोपऱ्यात असेन, फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसावा तशी. की त्यानं खरंच दोघांसाठी म्हटलं? एक पंख माझा, बाकी तिचं – त्याच्या समजुतीत तो अगदी प्रामाणिक होता. कोणी काही लुबाडलेलं नव्हतं. गप्प राहिलं तर दिवस नीट जाणार होता.

आणि मध्येच अण्णांचं दुकान... एक कीर्तनकार आपली पेटी न्यायला आलेले, भाता नवा घातलेला. तिनं घातलेला, तेव्हा ती परकरात होती. ते दोन पट्ट्या वाजवून खूश झाले, म्हणाले, अण्णा, हात असावा तर असा. आणि अण्णा – ते लपवणारे नव्हते – म्हणाले, माझा नाही, पोरीनं घातलाय. कीर्तनकार हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग खाली बसले, पेटी पुन्हा उघडली, आणि भात्याची घडी न् घडी कानाशी नेऊन तपासली, कुठून वारा जातोय का. कुठून जात नव्हता. पण ती तिथं उभी होती, आणि ते तपासत होते, आणि तिला वाटत होतं, अण्णांनी सांगायला नको होतं.

ग्रेवालसाहेब इंधनाची बाटली काढत होते. लीना सायकलला टेकून तिच्याकडे बघत होती. काही म्हणत नव्हती, नुसती बघत होती.

"जी, मैंने बनाया," शालिनी म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला. "पूरा. दोनों पंख मैंने ही बनाए हैं."

गव्हावरून वारा आला. ग्रेवालसाहेबांनी बाटली खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं, आणि – तिला माहीत होतं तसंच – विमान पुन्हा उचललं. या वेळी घाई न करता. शेपटीकडून एक डोळा मिटून पाहिलं. पंखाचं टोक धरून हलकेच पिळून पाहिलं, सांधे अंगठ्यानं दाबले, बिजागऱ्या ओढल्या. ती पाहत होती. पोटात भीती शोधत होती ती, आणि तिथं भीती नव्हतीच. बघा, तिला वाटत होतं, तिथंही बघा, आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं मी दोनदा घासलंय. प्रत्येक सांधा त्यांच्या बोटाखाली तिच्या वतीनं बोलत होता. त्यांनी आणखी वेळ लावला असता तरी तिला चाललं असतं.

"सीधा है," ते शेवटी म्हणाले. "बिलकुल सीधा. मेरे लड़कों से ऐसा नहीं बनता."

विश्वनाथ उकिडवा बसून चाक बघत होता. चाकाला काही झालेलं नव्हतं. त्याच्या मानेवर ऊन पडलं होतं, आणि कॉलर – तिनंच इस्त्री केलेली – एका बाजूनं वळली होती. ती सरळ करावी असं तिच्या हाताला वाटलं. ती त्याच्याजवळ वाकली.

"माझा कुठं गेला?" तो हळू म्हणाला, मराठीत.

"त्याला पिळा पडला होता."

"मग?"

"कापला. नवा केला."

तो चाक फिरवत राहिला. "सांगायचं होतंस."

"हो," ती म्हणाली.

आणखी काही येईल म्हणून ती थांबली. त्यानं चाकावरची न बसलेली धूळ फुंकली, उठला, आणि ग्रेवालसाहेबांनी नाकावरचा पंखा फिरवला तेव्हा विमान मागून धरून उभा राहिला, दोन्ही हातांनी, घट्ट. रागावला होता का? त्या पाठीवरून कळत नव्हतं. इंजिन किंचाळून पेटलं, इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास आला. त्यानं हात सोडले. विमान उसळत, डगमगत धावलं, आणि मग चाकांचा आवाज थांबला... फक्त तेवढंच झालं, आवाज थांबला, आणि जमीन त्याच्याखालून निघून गेली.

"आई, उड़ गया," लीना म्हणाली, आणि मग, क्वचितच म्हणायची तसं मराठीत, "उडालं गं."

ते वर गेलं. उन्हाच्या आड आलं तेव्हा कागद पेटल्यासारखा झाला आणि फासळ्या खालून मोजता याव्यात इतक्या स्वच्छ दिसल्या, दोन्हीकडच्या, सारख्या. ग्रेवालसाहेबांनी रेडिओच्या डब्यावरून दोन मोठे फेरे मारले, खटके थोडे सरकवले. मग म्हणाले, "अब आप लोग." विश्वनाथनं हात पँटला पुसले आणि पुढं केले. तिनं ते पाहिलं. ग्रेवालसाहेबांनी रेडिओचा डबा त्याच्यासमोरून तिच्याकडे दिला.

"पहले बनानेवाला," ते म्हणाले. तिच्या मागं उभे राहिले, चुकलंच तर सावरायला. "देखो भाभीजी, दूर जाएगा तो आसान है. आपकी तरफ़ आएगा तो दायाँ-बायाँ उलटा हो जाएगा. सब यहीं गड़बड़ करते हैं. ज़मीन पर खड़े होकर मत सोचना. अंदर बैठ जाओ."

अंदर. डब्यावरची दांडी अंगठ्याखाली नखाएवढी हलली आणि तिकडं वर, कसौलीच्या बाजूला, पिवळा पंख कलला. ती दचकली, मग पुन्हा हलवली, मुद्दाम. तो पुन्हा कलला. ते लांब गेलं, वळलं, आणि आता समोरून येऊ लागलं, नाक तिच्याकडे, एक ठिपका आणि त्याला आडवी रेघ – उजवीकडे झुकत होतं, तिच्या उजवीकडे, आणि अंगठा चुकीच्या बाजूला जायला निघाला...

आत. मला आत बसायला कुणी शिकवायला नकोच आहे, मी थंडीभर आतच होते. या फासळीपासून त्या फासळीपर्यंतचं अंतर माझ्या बोटांना पाठ आहे, हा कागद माझ्या डोळ्यांसमोर ताणत गेलाय, त्याच्या अलीकडे मी आहे आणि पलीकडे नुसता वारा. खाली एक मैदान आहे, गहू आहे, एक सायकल आडवी पडलेली. चार माणसं मान वर करून उभी आहेत. त्यातली एक बाई, हातात डबा धरलेली, पदर खोचलेला. ती बरीच लहान दिसते आहे, आणि तिचं काय व्हायचं ते मला माहीत नाही – घरी गेल्यावर तो बोलेल की गप्प राहील, आणि गप्प राहिला तर किती दिवस.

"शालू," विश्वनाथचा आवाज आला, कानाजवळून, तरी खूप खालून. "आता थोडं मला दे."

त्या आवाजात काय होतं ते मी ऐकायला हवं होतं. एरवी मी पहिल्यांदा तेच ऐकते.

"थांबा," मी म्हणाले.

उजवीकडे वळायचं होतं. खाली उभ्या असलेल्यांच्या नाही, माझ्या उजवीकडे.