दोघांची सायकल

हृषिकेशने दोन सीटची सायकल घेतली तेव्हा परदेशातल्या त्यांच्या उपनगरातल्या, क्वेकर्स हिलच्या, मराठी मंडळींना त्याचं कोण कौतुक वाटलं. पंधरा वर्षं जो माणूस सायकलवाल्यांच्या ग्रुपच्या पुढे एकटाच सुसाट सुटायचा, तो पन्नाशी उलटल्यावर बायकोला पुढे बसवून स्वतः मागे बसतो, म्हणजे प्रेमच की. "लग्नाला तीस वर्षं झाली, आता हँडल ऑफिशियली तिच्या हातात," असं तो सगळ्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे. मंजिरीही हसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे तिला त्या हसण्यातून कळत होतं.

खरी गोष्ट अशी की हृषिकेशला कडेचं दिसत नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, वडिलांकडून आलेला. वडिलांना संध्याकाळनंतर चाचपडावं लागायचं आणि घरातले त्यांना गाजरं खायला घालायचे. हृषिकेशचंही आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं जग हळूहळू पुसलं गेलं. आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "मुलीलाही तपासून घ्या."

त्या दिवशी परतताना गाडी मंजिरी चालवत होती. हृषिकेश म्हणाला, "ओवीचं लग्न होईपर्यंत कोणाला कळायला नको. ओवीलाही नको. तिला कळलं तर ती चार लोकांना सांगेल. झाकली मूठ सव्वा लाखाची." मंजिरी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याने तिचा गिअरवरचा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

आता मंजिरी इंजिनिअर. धरणाच्या भिंती किती पाणी पेलतील याचे हिशेब करणारी बाई. शपथबिपथ ती मानत नव्हती. पण शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्यावर बेततं, हे लहानपणी जे मनात बसलं होतं ते कुठल्याही पदवीने उठवलं नव्हतं. ओवीसमोर ती अनेकदा तोंड उघडायची आणि भाजी काय करू, असं काहीतरी विचारून मिटायची.

हृषिकेशने गाडी चालवणं सोडलं आणि पर्यावरणाचं कारण पुढे केलं. सायकल मात्र सोडवेना. सोडली असती तर लोकांनी विचारलं असतं. म्हणून ही दोघांची सायकल आली आणि मंजिरी तिच्यावर अडकली.

त्या शनिवारी सगळे उजाडायच्या आत गाड्यांवर सायकली लादून दक्षिणेला नॅशनल पार्कपाशी पोचले. साखरपुडा आठवड्यावर आला होता. ओवीचं विहानशी जमलं होतं आणि विहान म्हणजे हृषिकेशच्या जुन्या मित्राचा, भास्करचा मुलगा. त्यामुळे आज सगळे व्याही-विहिणी बरोबर होते. पार्किंगमध्ये अजून अंधुक होतं. ओवी विहानचं कोपर घट्ट धरून चालत होती.

"बघा, पोरीला हात सोडवत नाही," भास्करची बायको श्यामला मंजिरीला म्हणाली. "आपल्या वेळी असं होतं का?"

मंजिरीलाही ते बघून बरं वाटलं.

रस्ता आधी दाट झाडीतून गेला आणि मग झाडी एकदम संपली. पुढे नुसता उघडा माळ. कमरेएवढी खुरटी झुडपं, वाऱ्याने एका अंगाला कललेली, मध्ये पांढऱ्या वाळूचे पट्टे आणि बँक्सियाच्या झुडपांची कणसांसारखी पिवळी फुलं. डांबरी रस्ता त्यातून वर-खाली होत समुद्राकडे जात होता. लपायला आडोसा म्हणून नव्हता. दर शनिवारी इथे आलं की बाकीच्यांना मोकळं वाटायचं. मंजिरीचा जीव मात्र इथेच जास्त गुदमरायचा, कारण एवढ्या मोकळ्या जागेतही तिला मनासारखं थांबता येत नव्हतं. दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली. तो मारायला लागला की हिचेही पाय फिरायचेच.

"पुढे खड्डा. उजवीकडून गाडी. आता उतार," ती मागच्या हृषिकेशसाठी पुटपुटत होती. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतपतच.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"झुडपं."

"आणि समुद्र?"

"आहे. उजवीकडे, लांब. निळी रेघ आहे नुसती."

उजवीकडे मान वळवून तो ती रेघ शोधत असणार, हे तिला मागे न बघता कळलं. तिला त्याची दया आली आणि त्याच क्षणी रागही आला.

"हृषी, आज ओवीला सांगूया."

"पुढच्या रविवारी साखरपुडा आहे, मंजू."

"म्हणूनच."

"तू शपथ घेतलीयस."

"मी नाही घेतली. तू घातलीस."

"एकच ते," तो म्हणाला आणि जोरात पेडल मारू लागला. तिचे पाय मुकाट फिरले.

माळाच्या सगळ्यात उंच जागी रस्त्याकडेला खडीची मोकळी जागा होती. तिथे सगळे थांबले. श्यामलाने गुळपोळ्या काढल्या. भास्कर त्या दोन सीटच्या सायकलभोवती दोनदा फिरला, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "विहीणबाई, आज मला मागे बसू द्या. हृषी, तू माझी घे. पूर्वी कसा जायचास, आम्हाला नुसती तुझी पाठ दिसायची. पोरांना बघू दे एकदा."

"येस, बाबा! Show him," ओवी म्हणाली.

मंजिरीने हृषिकेशकडे पाहिलं. गुडघा दुखतो म्हण, पाठ धरली म्हण, काहीही म्हण. पंधरा वर्षं सगळ्यांच्या पुढे धावलेला माणूस होणाऱ्या व्याह्यासमोर नाही कसं म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"दे," हृषिकेश म्हणाला.

ती त्याच्याजवळ गेली. "वेडा आहेस का?"

"समोरचं दिसतं मला," तो हळूच म्हणाला. "पुढच्या वळणापर्यंत तर जायचंय. हसत राहा."

त्याने भास्करची सायकल घेतली आणि टांग टाकली. बुटाच्या टोकाने पेडल चाचपलं. पहिल्यांदा सापडलं नाही, दुसऱ्यांदा सापडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोणी त्या नजरेने बघतच नव्हतं. उजवीकडून चढावर एक ट्रक येत होता. मागे सर्फबोर्ड बांधलेले होते. सगळ्यांना तो दिसत होता, त्यामुळे त्यालाही दिसत असेल असं सगळे धरून चालले होते. हृषिकेशने नजर समोर लावली आणि सायकल खडीवरून रस्त्याकडे सोडली.

शपथ मोडली तर त्याच्यावर बेतणार होतं. आणि पाळली तर ते तिच्या डोळ्यांदेखत, आत्ताच, बेतत होतं.

मंजिरी धावली आणि दोन्ही हातांनी तिने हँडल धरलं. सायकल आडवी झाली, तो तिच्या अंगावर कोसळला आणि दोघं खडीत पडली. ट्रक हॉर्न वाजवत गेला. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "Watch it, mate!"

"अगं, काय करतेस?" हृषिकेश ओरडला. कुठून काय आलं हे त्याला अजूनही कळलं नव्हतं.

मंजिरीचं कोपर सोलवटलं होतं. ती तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "त्याला दिसत नाही. बाजूचं काहीच दिसत नाही आणि अंधारात तर मुळीच नाही. दोन वर्षं झाली. मी पुढे बसते ते प्रेमाने नाही, त्याला रस्ता दिसत नाही म्हणून."

हृषिकेशचा हात नकळत गळ्याकडे गेला. "मंजू, गप्प बस."

"दोन वर्षं तेच केलं."

वारा झुडपांतून सरसरत होता. श्यामलाच्या हातात गुळपोळीचा डबा तसाच उघडा होता. भास्करने आपली सायकल उचलली, उभी केली आणि तिच्यावरची खडी झटकत बराच वेळ काढला.

"खानदानी आहे का हे?" त्याने विचारलं. आवाजात दुष्टपणा नव्हता, पण मघाचा मित्रही नव्हता.

"त्याच्या वडिलांना होतं," मंजिरी म्हणाली. "मुलांना येऊ शकतं."

विहानने बापाकडे पाहिलं, मग ओवीकडे. आता जे मोडायचं ते मोडेल, असं मंजिरीला वाटलं. तरी छाती हलकी झाली होती आणि त्याची तिला लाजही वाटली. आपण सुटलो, एवढंच तिच्या मनात आलं होतं. मुलीचा विचार त्यानंतर आला.

ओवी रडली नाही, चिडलीही नाही. तिने हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांत धरून ठेवलं. मग तिने मराठीत विचारलं, एरवी आईला ती अर्धं उत्तर इंग्रजीतच द्यायची.

"आई, हे सुरू कसं होतं?"

मंजिरीला सकाळचं पार्किंग आठवलं, अंधुक उजेड आणि विहानच्या कोपराभोवती घट्ट धरलेली ती बोटं. रात्री गाडी चालवायला बोअर होतं असं सांगून ओवीने वर्षभरात अंधार पडल्यावर चावी हातात घेतली नव्हती, तेही आठवलं.

"मला वाटलं, मलाच होतंय," ओवी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं तर टेन्शन घ्याल, म्हणून मी बोलले नाही."

हृषिकेश गुडघ्यांवर उठून बसला. त्याने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"ओवी," तो म्हणाला. "ओवी, कुठे आहेस तू?"

ती त्याच्या खांद्याला लागूनच उभी होती.