पूल मागणारी माणसं

मी उडती तबकडी बोलतेय. आकाशातली नव्हे हो, नेमबाजीच्या मैदानावरची. बशीएवढी, काळ्या अंगाची, डोक्यावर नारिंगी रंग. लोक मला मातीची म्हणतात, पण अंगात मातीचा कण नाही. डांबर आणि चुनखडीचा भुगा, एवढीच मी. कारखान्यात साच्यातून निघाले आणि बहिणींच्या चळतीत बसले. उडायचं आणि फुटायचं, दुसरं काही आम्हाला कुणी शिकवलं नाही.

पहिल्यांदा मला खड्ड्यातल्या यंत्रावर ठेवलं. वर माणसं एका रांगेत उभी, बंदुका आधीच खांद्याला लावून. एकजण ओरडला, "पुल."

म्हटलं, मेल्याला पूल कशाला हवा? इथे साधा ओढासुद्धा नाही. मग कळलं, इंग्रजीत पुल म्हणजे ओढा. पूर्वी कुणी दोरी ओढायचं, मग आम्ही उडायचो. आता समोर माइक असतो, आवाज झाला की यंत्र फेकतं. हा ट्रॅप. यात आम्ही नेमबाजापासून लांब पळतो, पण डावीकडे की उजवीकडे, ते त्याला आधी कळू देत नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या काकांना शिंकांचा त्रास. त्यांनी नेम धरला, श्वास रोखला आणि शिंकले. माइकला शिंक काय, पुल काय. मी सुटले. काकांनी मिटल्या डोळ्यांनी बार काढला, तो ढगाला लागला असेल. मी गवतात अलगद बसले.

मागे बाकावर काकू हसून हसून आडव्या. "अहो, शिंक तरी घरी ठेवून यायची."

"तुझ्या त्या स्कीटच्या खेळापेक्षा बरं. तुमची तबकडी रोज त्याच वाटेने जाते, पोस्टमनसारखी."

"डोळ्यांसमोरून आडवी जाते ती. आम्ही पाठमोऱ्यावर बार काढत नाही."

खरं भांडण रविवारचं होतं. दोघांना सुटी तेवढीच, गाडी एक आणि मैदानं गावाच्या दोन टोकांना. कुणी कुणाच्या मैदानावर गेलं, की दुसऱ्याचा आठवडा फुकट.

काकूंनी मला गवतातून उचलून पर्समध्ये घातलं आणि पुढच्या रविवारी स्कीटला नेलं. तिथे दोन घरं, एक उंच, एक ठेंगणं. दोन्हींतून निघून आम्ही एकमेकींना आडव्या जातो आणि नेमबाज अर्धगोलात जागा बदलत फिरतो. बंदूक कमरेशी. आम्ही दिसेपर्यंत ती उचलायची नाही. पुल म्हटल्यावर कधी लगेच निघतो, कधी जरा तंगवतो. तंगवण्यात काय मजा आहे म्हणून सांगू.

काकू म्हणाल्या, "पुल." मी तंगवलं. तेवढ्यात मागून काका, "अगं, गाडीची किल्ली कुठंय?"

"तुमच्याच खिशात," म्हणत काकू वळल्या आणि मी त्यांच्या नाकासमोरून निघून गेले, पुन्हा धडधाकट गवतात.

शेवटी वन्सं मधे पडल्या. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांचा खेळ स्पोर्टिंग. झाडीतून चालत जायचं, दर थांब्यावर तबकडीची नवी तऱ्हा. कुठे झाडावरून, कुठे सशासारखी जमिनीवरून. त्यांनी दोघांना तिथे नेलं आणि मला यंत्रावर ठेवलं.

"हिला जो फोडेल, रविवार त्याचा," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्याने गाडीत मागे बसायचं. कुरकुर नको."

मी जमिनीवरून गडगडत निघाले. काकांचा बार माझ्या मागे, काकूंचा पुढे. दगडावर आपटून जरा नाचले आणि झुडपात पडले. वन्संनी बंदुका रिकाम्या करून बाजूला ठेवायला लावल्या, तशी दोघं धावली. माझ्या कडेचा टवका उडाला होता. दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं.

"हा माझा छर्रा," काका म्हणाले.

"तुमचा त्या झाडात गेला. पानं पडतायत अजून."

"सोड."

"तुम्ही सोडा."

मागून वन्सं हळूच म्हणाल्या, "पुल."

आयुष्यभर दुसऱ्याला ओढा सांगणाऱ्यांनी पहिल्यांदाच स्वतः ओढलं. कट्. मी फुटले.

"मी फोडली," दोघं एकदम म्हणाली.

"पुल कोण म्हणालं?" वन्संनी विचारलं. "जो म्हणतो, तबकडी त्याची. बसा मागे दोघं."

आता दर रविवारी वन्सं गाडी चालवतात. माझा अर्धा तुकडा काकांच्या खिशात शिंका ऐकतो, अर्धा काकूंच्या पर्समध्ये. कुणी डिंक लावून मला जोडायला जाऊ नका बरं. आधी दोघं दोन खिडक्यांना चिकटून बसायची, मधे चांगला ओढा वाहील एवढी जागा. परवा काकांची घराची किल्ली सीटवर पडली, तर ती खाली जायलासुद्धा मधे फट नव्हती.