दोन मनगटांमधला मी

मी बोलतोय खरा, पण मला तोंड नाही. मी म्हणजे ब्राँझचं हस्तांदोलन. दोन उजवे पंजे, एकमेकांत रुतलेले. थाप वाटली तर गोदामात येऊन बघा. मोडक्या बाकांच्या मागे आहे.

माझ्या एका बाजूला आपले पहिले पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला शेजारच्या देशाचे पुढारी. देश नुकताच स्वतंत्र झालेला, शेजाऱ्याशी भावाचं नातं जोडायची हवा. शिल्पकाराने दोघांना एकत्रच ओतलं, पंज्यांत सांधा ठेवलाच नाही.

"अहो, उद्या बिनसलं तर?" त्याच्या बायकोने विचारलं.

"बिनसायला हे काय आपलं लग्न आहे?"

चौकात माझा थाट होता. उन्हाळ्यात असा तापायचो, की कबुतरांनी माझ्यावर घातलेली अंडी उकडूनच निघायची.

मग त्याच शेजाऱ्याचं सैन्य सरहद्द ओलांडून आलं. आपली पोरं बर्फात अपुऱ्या कपड्यांनिशी लढली, पडली. मला हार घालणाऱ्यांनीच दगड मारले. "पाहुणा काढा, आपले साहेब ठेवा," असं ठरलं. पण काढणार कसा? शेवटी दोघांनाही गोदामात टाकलं. तेव्हापासून धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा अवस्थेत मी अंधारात उभा आहे.

परवा पुतळा समिती आली. साहेबांना पुन्हा चौकात उभं करायचंय, पण एकट्याला.

"भोळा माणूस. भाषणं ठोकून कुठे सरहद्द राखता येते?" निवृत्त कर्नल म्हणाले.

"भोळा?" इतिहासाच्या प्राध्यापिका उसळल्या. "दोन्ही महासत्तांना झुलवत ठेवून एकीकडून धान्य आणलं, दुसरीकडून पोलादाचा कारखाना. भोळ्याला जमतं?"

"बाई, धान्य आलं, बूट नाही आले. माझा दादा कापडी बुटांत गेला."

बाई म्हणाल्या, "ते चुकलंच त्यांचं. मी वर्गातही तेच सांगते."

तरी कापायचं कुठून, यावर पुन्हा जुंपली. बाई म्हणाल्या, पाहुण्याच्या मनगटावर. कर्नल म्हणाले, साहेबांच्या. हात गमावला ते दिसू दे. अध्यक्षांची हयात कुणालाच न दुखावण्यात गेलेली. साहेबांची अलिप्तता तेवढी यांच्यात पुरेपूर उतरली होती. ते म्हणाले, "दोन्हीकडून कापू."

कोपऱ्यात शिल्पकाराची मुलगी उभी होती, आता तिचेही केस पिकलेत. "म्हणजे माझ्या बाबांचं काम भंगारात?"

"ताई, वाद तर मिटेल."

ती कर्नलांकडे वळली. "त्यांनी तेव्हा हात पुढे केलाच नसता तर?"

कर्नलांनी बोटाने माझ्यावरची धूळ पुसली. "तर आम्हीच म्हणालो असतो, शेजाऱ्याशी बोलायची हिंमत नव्हती."

"मग?"

"मग काय. दादा तरी कुठे परत येतो."

अध्यक्षांनी दोन्ही मनगटांवर खडूने रेघा ओढल्या. ताईंनी माझ्यावर तळवा ठेवला, आणि सगळे गेले. करवत सोमवारी येणार आहे.

निवाडा तुम्ही खुशाल करा. साहेबांना मूर्ख म्हणा, द्रष्टे म्हणा. मी मध्ये पडणार नाही, मध्येच तर आहे. पण निवाडा करताना मला समोर ठेवा. हात दिला होता हेच पुसून टाकलंत, तर काय साधलं नि काय चुकलं, हे कशावरून ठरवाल?

इतकी वर्षं या दोघांच्या तावडीतून सुटकेसाठी तडफडलो. आता ती दाराशी आलीय, आणि मी दोन्ही पंजे आणखी घट्ट आवळून बसलोय.