बाळाचा टब आणि मासळीचा बर्फ

मी टब बोलतोय. जरा लांबूनच ऐका. जवळ यायचंच असेल तर आधी हात धुऊन या, कारण माणसांच्या हातांबद्दल मला जेवढं कळलंय तेवढं तुम्हाला कळलं तर तुम्ही जेवायचे नाहीत.

प्लास्टिकचा आहे मी, निळा. जन्मलो तेव्हा आकाशी होतो, आता फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाचा झालोय. माझ्या काठावर एक बदक कोरलेलं आहे, त्याची चोच झिजली. दुकानातून मला निवडून आणलं ते आत्याने. आत्या म्हणजे आमच्या मालकांची थोरली बहीण, हॉस्पिटलात सिस्टर. धाकट्या भावाला मुलगी झाली म्हणून मला काखेत मारून ती दोन जिने चढून आली.

पहिल्या दिवशी तिने मला उकळत्या पाण्याने तीनदा विसळलं. मग कोमट पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्या इवल्याशा पोरीला माझ्यात अलगद ठेवलं. पोरगी आधी दचकली, मग हसली. त्या दिवसाइतका स्वच्छ मी पुन्हा कधीच नव्हतो.

"हा टब बाळाचा," आत्याने भावाला बजावलं. "दुसऱ्या कशाला लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

"छे गं ताई, मी काय वेडा आहे?"

ताईची पाठ फिरायचा अवकाश! पोरगी चालायला लागली आणि माझे दिवस फिरले. आधी माझ्यात तिचे लंगोट भिजले, ते मी मुकाट्याने सोसलं. मग पायपुसणी आली. मग रंगाचे ब्रश, मग कुत्रा. आणि रविवारी सकाळी खुद्द मालकांचे पाय! पेपर वाचत ते तासभर पाय भिजवायचे, नखं कापायचे आणि तुकडे माझ्यातच टाकायचे. मला नाक नाही, हे देवाने माझ्यावर केलेले मोठेच उपकार. तरी मला किळस यायची.

अशी एकोणीस वर्षं गेली. आत्या निवृत्त व्हायची वेळ आली. चौतीस वर्षं तिने आजाऱ्यांचं सगळं केलं होतं. जे बघून बाकीचे तोंड फिरवतात ते तिने हाताने उचललं होतं. मालकांनी छातीवर हात मारून जाहीर केलं, "ताईची पार्टी माझ्याकडून! हॉल घेऊन!" घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालक म्हणजे वापरलेला चहापत्तीचा चोथा दुसऱ्यांदा उकळणारा माणूस.

हॉल मिळाला. पण हॉलवाल्याने सांगितलं, फ्रिज हवा असेल तर भाडं वेगळं. मालकांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

"टब आहे की आपला! बर्फ टाकू, कोल्ड्रिंकच्या बाटल्या गार!"

"अहो, कालच त्यात कुत्र्याला आंघोळ घातलीय," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग स्वच्छच असणार. साबण लावला होता ना?"

मला एकदा विसळून रिक्षात घातलं. वाटेत मासळी बाजाराच्या मागच्या दारी रिक्षा थांबली. तिथे बर्फाच्या लाद्या स्वस्त मिळतात. बर्फवाल्याने लादी पोत्यात गुंडाळली आणि बोट उचलून सांगितलं, "साहेब, हा खायचा नाही हं. मासे झाकून ठेवायचा बर्फ आहे. बाटल्यांना बाहेरून लावा फक्त."

"माहितेय, माहितेय," मालक म्हणाले. सरबतात घालायला मालकीणबाईंनी चांगला बर्फ वेगळा घेतला होता, एक पिशवीभर.

एक कबूल करतो, बाटल्या गार करायची मालकांची अक्कल वाया गेलेली नव्हती. पोत्यातच हातोडीने लादी फोडली, तुकडे आणि बाटल्या माझ्यात रचून बाटल्यांच्या गळ्यापर्यंत पाणी ओतलं, वर दोन मुठी खडेमीठ टाकलं आणि ओला टॉवेल पांघरून मला सावलीत ठेवलं. अर्ध्या तासात बाटल्या अशा गारठल्या की हातात धरवेनात. क्षणभर मलाही बरं वाटलं, म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी मानाच्या कामाला लागलो.

मग पाहुणे आले, आणि त्यांचे हात. एकाने नाक पुसून बाटली शोधली, ती नको म्हणून दुसरी शोधली. एका पोराने केक खाऊन बोटं माझ्यात खळबळली. एका काकांनी घामाचा रुमाल माझ्यात बुडवून मानेवर ठेवला, आणि पाच मिनिटांनी तोच रुमाल परत माझ्यात पिळला. ही माणसं घरी पाण्याला फिल्टर लावतात बरं का!

पण खरी शिसारी पुढेच होती. भाषणं झाली, आता सगळ्यांनी मिळून सरबत घ्यायचं ठरलं. मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो, चांगला बर्फ खिडकीत राहिला. सगळा वितळला. सरबत कोमट आहे!"

मालकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग टॉवेल बाजूला सारून माझ्यात पातेली बुडवली.

"अहो, तो मासळीचा ना?"

"गार असला म्हणजे झालं. कोणाला कळतंय?"

बर्फ सरबताच्या मोठ्या पातेल्यात गेला. मासळीचं पाणी, कुत्र्याचे केस, काकांचा घाम, सगळं आत. मला ओरडता आलं असतं तर हॉलच्या काचा फुटल्या असत्या. टेबलावर साठ ग्लास भरून मांडले आणि पहिला आत्याच्या हातात दिला. तिने घोट घेतल्याशिवाय कोणी पिणार नव्हतं.

आत्याने ओठ लावले आणि थांबली. सरबत खारट होतं. तिने ग्लास उजेडात धरला. काठाला एक खवला चिकटला होता, नखाएवढा, चकचकीत. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या झिजलेल्या बदकाकडे, मग भावाकडे. भाऊ छताचा पंखा बघत होता.

साठ माणसं हसतमुखाने उभी होती. त्यात तिच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर होत्या, मोठे डॉक्टर होते. खरं बोलली असती तर भावाची अब्रू तिथेच गेली असती. गप्प बसली असती तर दुसऱ्या दिवशी अर्धा हॉल तिच्याच वॉर्डात भरती झाला असता.

"अगं बाई!" म्हणत आत्या टेबलावर कोसळली. टेबलक्लॉथ तिच्या मुठीत होतं. ग्लास, पातेलं, सरबत, सगळं जमिनीवर! तिची नवी साडी कमरेपर्यंत भिजली.

"सिस्टर, बरं झालं आजच निवृत्त झालात!" मोठे डॉक्टर म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. चौतीस वर्षांत जिच्या हातून औषधाचा थेंब सांडला नव्हता, ती आत्याही हसली.

"वय झालं हो," ती म्हणाली. "वहिनी, बाटल्या नळाखाली धुवा, तोंडं पुसा, मग उघडा."

नंतर स्वयंपाकघरात तिने मला मोरीत रिकामं केलं. मालक मागे उभे होते.

"ताई, एवढं काय? कोणी मेलं असतं का?"

"असंच म्हणणाऱ्यांच्या ओकाऱ्या पुसल्या रे मी जन्मभर," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "आज एक दिवस तरी मला सुट्टी द्यायचीस."

आत्याने मला काखेत मारलं आणि ओल्या साडीनेच आपल्या घरी नेलं.

तिने मला तीन दिवस सोड्याने घासलं. वास आता गेलाय म्हणतात. माझा मात्र स्वतःवर विश्वास अजून बसलेला नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला एकच काम द्या, कुठलंही द्या, पण एकच. सगळ्यात वाईट वाटतं ते पुढच्या कामाला मागचं चिकटून येतं त्याचं.

काल मालकांचा फोन आला होता. पोरीचा वाढदिवस आहे, तोच हॉल घेतलाय, टब हवा होता.

"टब? फुटला रे तो," आत्या म्हणाली. "तळातूनच गेला."

तिने फोन ठेवला. मग पातेल्यातलं गरम पाणी माझ्यात ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि चौतीस वर्षं उभं राहून सुजलेले आपले दोन्ही पाय माझ्यात अलगद ठेवले.