सात नंबरची बंद बाजू

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मार्वे जेट्टीजवळच्या एका मराठी शाळेत, माधुरीबाईंच्या टेबलाच्या खणात राहतो. माझ्या पट्टीवर सात हा आकडा चिकटवलेला आहे आणि माझी डावी बाजू बंद आहे. खणातल्या खडूंना मी भंगार वाटतो. वाटू दे बापडे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. जाग आली ती याच शाळेत. एका कंपनीने टॅबलेट आणि आम्ही हेडफोन असे सगळे भेट दिले होते. नारळ फुटला, आम्हाला हार घातले गेले, पाहुण्यांनी आमच्याबरोबर फोटो काढले आणि चहा पिऊन ते गेले. मग आमची खरी नोकरी सुरू झाली. टॅबलेटवर चित्र यायचे, माझ्यातून एक आवाज इंग्रजी वाक्य वाचायचा आणि मुलाने ते वाक्य पडद्यावर शोधून माझ्या माईकमध्ये वाचायचे. बरोबर आले की एक चांदणी. त्याआधी इंग्रजीचा तास म्हणजे बाई पुढे आणि सगळा वर्ग मागून एका सुरात. त्यात कोणाला वाचता येते आणि कोण नुसते तोंड हलवते, ते देवच जाणे. आता प्रत्येकाच्या चांदण्या बाईंच्या मोबाइलवर दिसू लागल्या. सुरुवातीला आमचे कौतुक काय विचारता! पोरांच्या खोबरेल तेलाने माझ्या गाद्या चिकट व्हायच्या, तेही मी आनंदाने सोसायचो.

चौथीत मी बेव्हर्लीच्या वाट्याला आलो. ती खाडीपलीकडच्या मनोरीहून बोटीने शाळेत यायची. तिची मम्मी पेट्रिशिया तिथल्याच पर्यटकांच्या एका कॉटेजवर स्वयंपाकाला होती. बेव्हर्ली वर्गात डावीकडच्या खिडकीशी बसायची आणि बाईंचे टेबल तिच्या उजव्या हाताला यायचे. बाईंनी एक विचारावे आणि तिने भलतेच सांगावे, असे रोजचे होते. पोरे हसायची. "लक्ष कुठे असतं गं तुझं? बोटीतच राहिलं का?" बाई म्हणायच्या, आणि पोरे आणखी हसायची.

पण संगणकाच्या खोलीत मला डोक्यावर चढवले की हीच मुलगी घडाघडा वाचायची. वर्गात सर्वांत जास्त चांदण्या तिच्या. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

बाईंना मात्र संशय आला. वर्गात ज्या मुलीला साधा प्रश्न कळत नाही, तिला इतक्या चांदण्या मिळतात कशा? त्यांनी शेजारी बसणाऱ्या अनिरुद्धला उभे केले. तो घाबरून म्हणाला, "एकदाच तिच्या माईकमध्ये मी वाचलं होतं बाई, गंमत म्हणून." हे खरे होते. पण बाईंनी त्या एकदाचे नेहमी करून टाकले. बाई वाईट नव्हत्या हो. एवढ्या पोरांचे कान आणि तोंडे सांभाळायची म्हणजे खायचे काम नाही. पण एकदा मनाने घेतले की माणूस पुढचे ऐकत नाही, तसे त्यांचे झाले.

आणि नेमका तेव्हाच मी बिघडलो. पोरे जाताना माझी वायर गळ्याला गुंडाळून ओढायची. एक दिवस ती डाव्या बाजूला आतून तुटली. बाकीच्या वर्गांतली मुले कुरकुरत एका बाजूने ऐकून काम भागवायची. बेव्हर्लीच्या चांदण्या मात्र एकदम बंद झाल्या.

"बाई, आवाज येत नाय," ती म्हणाली.

अनिरुद्धने मला लावून पाहिले. "येतो ना बाई! एका साइडनी येतो. ए, खोटं नको बोलू हां."

झाले. बाईंना वाटले, अनिरुद्धला दम दिला म्हणून हिची चोरी बंद पडली. त्यांनी पेट्रिशियाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती काम अर्धवट टाकून शाळेत आली.

"ताई, हिने माझ्यासमोर वाचून दाखवावं," बाई म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून इंग्रजीला ही दुसरीच्या मुलांत बसेल."

"बेवी, खरं काय ते बोल," पेट्रिशिया म्हणाली.

"मी नाय केली कॉपी, मम्मी. याच्यातना आवाजच येत नाय."

बाईंनी मला स्वतःच्या कानांना लावले, आवाज ऐकला आणि मान हलवली. "येतोय. एका बाजूने येतो, पण येतो." मग मला तिच्या डोक्यावर बसवले. मी जीव तोडून वाक्य म्हटले. ती पडद्याकडे नुसती बघत राहिली. मला हात असते, तर मी तिचे डोळे पुसले असते.

"शेवटचं बघ," बाई म्हणाल्या.

तिने मला काढले, बाहीने तोंड पुसले आणि परत घातले. गडबडीत उलटे. माझी चालू बाजू तिच्या डाव्या कानावर आली. मी पुढचे वाक्य म्हटले आणि ती दचकली. मग खणखणीत आवाजात तिने ते वाचले. चांदणी!

"माईक डावीकडे पाहिजे. कितीदा सांगितलं?" म्हणत बाईंनी सवयीने मला काढून सरळ केले.

"गेला परत," बेव्हर्ली म्हणाली.

बाईंचा हात तसाच थांबला. त्यांनी मला पुन्हा उलटे घातले. चांदणी. सरळ केले. शांतता. मग मला बाजूला ठेवून त्या तिच्या मागे गेल्या आणि उजव्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बेव्हर्ली." ती हलली नाही. डाव्या कानाशी तेच म्हणाल्या, तेव्हा तिने वळून पाहिले.

"तीन वर्षांची होती तेव्हा गालगुंड झालेलं," पेट्रिशिया म्हणाली. "हाच उजवा गाल. लेप लावला, सूज उतरली. आम्हाला वाटलं, झालं बरं." मग तिने बेव्हर्लीकडे पाहिले. "बाई, काल तुमचा फोन आला ना, तेव्हा मी मारलं हिला."

बेव्हर्ली बाईंकडे वळली. "बाई, आता सांगा ना मम्मीला, मी कॉपी नव्हती केली."

बाईंनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोरही सांगितले. सांगताना त्यांना रडू आवरले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता सगळे छान झाले. तसे काही झाले नाही. डॉक्टर म्हणाले, गालगुंडाने तो कान गेला तो गेला. बेव्हर्लीची जागा उजवीकडच्या भिंतीशी हलवली. आता बाई तिच्या डाव्या हाताला असतात आणि तिला वर्गातले ऐकू येते. नव्या हेडफोनवर ती चांगले वाचते. पण प्रत्येक वाक्यानंतर ती चांदणीकडे बघत नाही, आधी बाईंच्या तोंडाकडे बघते. मला त्याचे फार वाईट वाटते.

मला दुरुस्त करायला एक माणूस आला होता. बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. आता दर जूनमध्ये नवी मुले आली की त्या मला खणातून काढतात. एकेकाला जवळ बोलावून आधी सरळ घालतात, मग उलटे, आणि दोन्ही वेळा विचारतात, "आला का रे आवाज?"

इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, नीट वापरा. माझी वायर तुम्ही ओढलीत, त्याचा राग मी सोडून दिला. माझे मागणे वेगळे आहे. एखादे पोर "ऐकू येत नाही" म्हणाले, तर आधी यंत्र तपासा, मग त्याचा कान तपासा. ते खोटे बोलते की काय, हे सगळ्यांत शेवटी.