कमळाकर शेठची सही

घणसोली गावात पंच म्हणून सही करावी ती कमळाकर शेठनेच. पोलिसांना पंचनाम्यावर चारचौघांतला भला माणूस लागला, की पहिला फोन त्याला यायचा. शेठ इस्त्रीचा सदरा चढवून निघायचा आणि कागद न वाचता ऐटीत लांबलचक सही ठोकायचा. साहेबांनी लिहिलेलं वाचून बघणं म्हणजे साहेबांवर संशय घेणं, असं त्याचं साधं गणित होतं. माणूस चांगला, पण मानाचा भारी भुकेला.

मग कळंबोलीच्या लोखंड बाजारात बॉम्ब फुटला. सात माणसं गेली. त्यांतला एक शेठचा मुलगा मिथुन, ट्रकचं बुकिंग करायला गेलेला.

पंधरा दिवसांनी पोलीस शेठच्याच चाळीत आले. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तबरेजला त्यांनी उचललं. त्याच्या पेटीत स्फोटकं सापडली असा पंचनामा झाला आणि त्यावर शेठचीच सही झाली. मुलगा गेलेल्या बापाला तरी यात पंच करू नये, एवढंही कुणाला सुचलं नाही. त्याच संध्याकाळी शेठने तबरेजच्या आईला, अख्तरुन्निसाला, भांड्याकुंड्यांसकट बाहेर काढलं. ती दिघ्याला बहिणीकडे गेली.

तबरेजचं वकीलपत्र घेतलं उझमाने. रायगडातल्या म्हसळ्याची पोरगी, अंगाने काडी, पण उभी राहिली की कोर्ट गप्प व्हायचं. जामिनाच्या सुनावणीला शेठ मागे बसून ऐकत होता. ती सांगत होती, की आपल्या देशाने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आरोप कितीही भयंकर असो, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, मारून कबुली घेता येत नाही आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच. संयुक्त राष्ट्रं सगळ्या देशांना बजावतात, की दहशतवादाशी लढा, आणि माणसाचे हक्क सांभाळूनच लढा. जामीन मिळाला नाही. शेठचं डोकं मात्र सणकलं, आणि त्याने तिला बाहेर गाठलं.

"माजा पोऱ्या मेला, तवा कुठं होता गो तुजा हा मोठा कायदा?"

कोर्टाच्या दारावरचा शिपाई मध्ये पडणार होता. उझमाने त्याला हातानेच थांबवलं.

"काका, तुम्ही साक्षीदार आहात. केसबद्दल आपण बोलणं बरोबर नाही," ती म्हणाली. "पण हक्काचं विचारलंत म्हणून सांगते. तो कायदा मिथुनचापण आहे. त्याला कुणी मारलं, हे खरं खरं कळणं हा तुमचा हक्क आहे."

शेठ तणतणत घरी गेला. पण ते वाक्य तीन वर्षं त्याच्या पाठीस लागलं. वरची खोली त्याने कुणाला भाड्याने दिली नाही. का, ते बायकोलाही सांगता आलं नाही.

शेवटी त्याची साक्ष निघाली. सरकारी वकिलाने सही दाखवली, शेठने ओळखली. मग उझमा उठली. आवाज चढवला नाही, की आडवळण घेतलं नाही.

"काका, पेटी उघडली तेव्हा तुम्ही खोलीत होता?"

शेठने समोर पाहिलं. हो म्हटलं तर तबरेज जन्मभर आत. नाही म्हटलं तर मिथुनच्या खुनासाठी धरलेला एकुलता एक माणूस सुटणार. त्या दिवशी तो खाली ओट्यावर डोकं धरून बसला होता. जीपच्या बॉनेटवर कागद आला, त्याने सही केली. पेटी त्याने पाहिलीच नव्हती.

"नाय," तो म्हणाला. "मी खाली होतो. काय सापडलं, काय नाय, मना ठाऊक नाय."

न्यायाधीशांनी विचारलं, याचा परिणाम कळतोय ना? शेठचे डोळे भरून आले. "कळतंय साहेब. पन मना खरा मानूस पायजे. माज्या मिथुनला ज्येनं मारलाय, तो."

कारकुनाने टाइप केलेली साक्ष सहीसाठी पुढे केली. शेठने खिशातून चष्मा काढला आणि एकेक ओळ बोटाने वाचू लागला. सगळं कोर्ट ताटकळलं. उझमा मात्र जिंकल्याचा आव न आणता मान खाली घालून उभी होती, आणि त्या पोरीबद्दल शेठच्या मनात आदर दाटला. शेवटची ओळ वाचून झाल्यावरच त्याने सही केली.

बाहेर बाकावर अख्तरुन्निसा बसली होती. शेठ तिच्यासमोर उभा राहिला.

"भाभी, खोली रिकामीच हाय. या परत."

तिने वर पाहिलं. "मिथुनच्या दहाव्याला तुमच्या घरी पानी मीच भरलं होतं, शेठ. आठवतं?"

शेठला आठवलं. त्यानंतर पाचव्याच दिवशी त्याने तिची भांडी रस्त्यावर ठेवली होती. तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मिथुन गेल्यापासून पहिल्यांदाच हमसाहमशी रडला.