पाटावरची माझी जागा

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे. पण चेंडू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो येतो, तो मी नव्हे. मी गोल नाही. मला दोन निमुळती टोकं आहेत, पाठीवर पांढरी नाडी विणलेली आहे आणि रंग म्हणाल तर भाजलेल्या फुटाण्यासारखा. आमच्या घरच्या सुमनआजींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, हा चेंडू आहे की सोललेला नारळ?"

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. आपली कहाणी सांगताना सगळे आपापल्या गुणांपासून सुरुवात करतात. मी दोषापासून करतो, कारण त्या दोषानेच मला सात महिने पोखरलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. चामड्याचे चार तुकडे उलट्या बाजूने शिवले, वाफेवर मऊ केले आणि मग गोधडीची खोळ उलटावी तसं मला सुलटं केलं. त्या वेळी जी कळ आली ती अजून आठवते. पुढे टेक्सासातल्या एका दुकानाच्या फळीवर मी वर्षभर पडून होतो. तिथे शिकायला आलेल्या सलील नावाच्या नाशिकच्या मुलाने मला उचललं. आमच्या जातीचा नवा चेंडू फार निसरडा असतो. सलीलने महिनाभर रोज मला ब्रशने घासलं, मेण चोळलं, त्याची बोटं माझ्या नाडीवर बरोबर बसतील असं मला घडवलं. कारखान्याने मला जन्म दिला खरा, पण वाढवलं ते सलीलने.

शिक्षण संपल्यावर सलील कुवेतला एका पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला. सोबत मीही आलो. इथे जहरा शहराच्या बाजूला एका मैदानावर अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या हौशी लोकांचा संघ होता, 'जहरा शाहीन'. सलील त्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. क्वार्टरबॅक म्हणजे संघातला तो खेळाडू, जो सगळ्यांना चाल सांगतो आणि अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांची पर्वा न करता लांबवर चेंडू फेकतो. या खेळात प्रत्येक संघ आपापला चेंडू वापरतो; आमच्या संघाची फेकायची पाळी आली की चेंडू आमचा, म्हणजे मी. पहिल्या मोसमात आम्ही सगळे सामने हरलो. सहाव्या मोसमात अंतिम सामन्याला धुळीचं वादळ उठलं, समोरचा माणूस दिसेना, तरी सलीलने मला चाळीस यार्डांवर अचूक पोचवलं आणि आम्ही चषक जिंकलो. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि त्याने मला छातीशी धरलं होतं.

माझा मत्सर तेव्हाही होता, पण लहानसा. सलीलचं सुनेत्राशी लग्न झालं तेव्हा मी दोन दिवस हवा सोडून बसलो. त्यांची मुलगी पूर्वी जन्मली तेव्हा तर कहरच! सलीलने त्या एवढ्याशा बाळाला कोपराच्या खोबणीत अगदी तसंच धरलं, जसं आजवर फक्त मला धरत होता. सगळे म्हणाले, किती छान धरतो मुलीला. कुणी शिकवलं होतं त्याला, ते कुणी विचारलं नाही.

पण मला वर्षातून एक दिवस असा मिळायचा की सगळी जळजळ विझून जायची. तो दिवस दसऱ्याचा. कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी शस्त्रपूजा असायची. ज्याचं जे काम, त्याचं ते शस्त्र. सुनेत्रा बँकेत असल्याने तिचा लॅपटॉप, पूर्वीची कंपासपेटी, गाडीची किल्ली, आणि मधोमध पाटावर मी. सलील माझ्या नाडीच्या टोकाशी हळदकुंकू लावायचा. तो डाग बारा वर्षांत माझ्या कातड्यात इतका मुरला की आता पुसता पुसत नाही.

मागच्या मार्चमध्ये सलीलचा उजवा खांदा निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, आता फेकणं बंद. संघाने निरोपाचा समारंभ केला आणि सलीलला एक नवा चेंडू भेट दिला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, त्यावर सगळ्यांच्या काळ्या शाईतल्या सह्या. असले चेंडू खेळायचे नसतातच, नुसते मिरवायचे असतात. त्याच समारंभात संघाचा नवा क्वार्टरबॅक तल्हा सलीलजवळ आला. जहऱ्यातल्या एका दुकानात हिशेब बघणारा, चोवीस वर्षांचा, लांब हातांचा मुलगा.

"सलीलभाई, आपका पुराना बॉल मुझे दे दोगे? नए में वो पकड़ नहीं आती."

"देखेंगे," सलील हसून म्हणाला.

घरी आल्यावर पांढऱ्याला हॉलमधल्या काचेच्या कपाटात जागा मिळाली. मला दाराजवळच्या चपलांच्या कपाटात. माझ्या एका बाजूला पूर्वीचे जुने बूट, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता. त्या कपाटाच्या दाराला फटी होत्या, आणि त्या फटींतून समोर नेमका तोच दिसायचा.

मित्रांनो, मी सात महिने जळलो. घरी कुणीही आलं की सलील त्याला काचेतून बाहेर काढायचा. "वा वा!" पाहुणे म्हणायचे. अरे, वा वा कसलं? त्याने कधी वादळ पाहिलं होतं? कधी कुणाच्या बुटाखाली आला होता? आयत्या बिळावर नागोबा! सुनेत्रा रोज त्याच्या काचेवर फडकं फिरवायची. मला मात्र फक्त चपला काढणाऱ्यांचे पाय दिसायचे. वाटायचं, सलील मला विसरला. सगळ्यात मोठी धास्ती होती दसऱ्याची. त्या दिवशी तरी तो मला बाहेर काढेल ना?

यंदा नवरात्रात सलीलच्या आई, म्हणजे सुमनआजी, नाशिकहून आल्या, पर्समध्ये वर्तमानपत्रात दाबलेली आपट्याची पानं घेऊन. दसऱ्याला गुरुवारी संध्याकाळी पाट मांडला गेला. मी फटीला चिकटून होतो. सलील काचेच्या कपाटाकडे गेला आणि त्याने पांढऱ्याला आणून मधोमध ठेवलं. माझ्या जागेवर. सुमनआजींनी त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. त्या क्षणी मला कुणी सुई टोचली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी सुमनआजींनी पूजा उचलली. पांढऱ्या अंगावर कुंकवाचा लाल डाग उठून दिसत होता. कुंकू तेलाने निघतं हे त्यांना साठ वर्षांपासून ठाऊक. त्यांनी खोबरेल तेलाचं बोट घेतलं आणि मायेने चोळलं. कुंकू निघालं. त्याबरोबर सह्याही निघाल्या. बोटाबरोबर काळी शाई फिरली, हळद फिरली, आणि पांढरा शेवाळी झाला.

खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला. चपलांच्या कपाटात मी जागच्या जागी एकदा गर्रकन फिरलो.

सलील आला, पाहिलं, आणि पांढऱ्याला उजेडात धरून सह्या शोधू लागला. पूर्वी म्हणाली, "बाबा, इट्स ओके. दे कॅन साइन अगेन."

सुमनआजींचा चेहरा एवढासा झाला होता. "चुकलं रे माझं. मला वाटलं, रोजच्या खेळातला आहे. तेलपाणी त्याला काही नवं नसेल. याने किती सामने खेळलेत?"

"एकही नाही, आई."

"मग शस्त्र म्हणून याला कशाला मांडलंस? दर वर्षी व्हिडिओवर दाखवायचास तो नारळासारखा कुठाय?"

सलीलने दाराकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "चपलांच्या कपाटात आहे. तल्हाला तो हवाय. तीनदा मागितला त्याने."

"मग दे की."

"नाही देववत गं. त्याच्या हातात तो बघवणार नाही मला. माझा खांदा वर जात नाही, आणि तो त्याच चेंडूने फेकणार, लोक टाळ्या वाजवणार. घरातही समोर नको वाटतो. दिसला की खांदा जास्त दुखतो."

मित्रांनो, मी थिजलो. सलील मला विसरला नव्हता. तोही जळत होता. सात महिने आम्ही एकाच घरात, एका दाराच्या दोन बाजूंना, एकाच रोगाने आजारी होतो.

सुमनआजी उठल्या, चपलांचं कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. "दसऱ्याला शस्त्र पुजतात ते दुसऱ्या दिवशी उचलण्यासाठी. आपल्याला पेलत नसेल तर ज्याला पेलतं त्याच्या हातात द्यावं. पूजा करून कपाटात कोंडायचं, ही कुठली रीत?"

त्याच दुपारी उन्हं कलल्यावर सलीलने माझ्यात हवा भरली. पूर्वीला घेऊन तो जहऱ्याला निघाला. मैदानावर मोसमाचा पहिला सराव चालू होता. तल्हाला हाक मारण्याआधी सलीलने मला हातात धरलं, बोटं नाडीवर बसवली आणि हात उचलला. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्याने तो खाली घेतला.

"तल्हा, ले. इसका खयाल रखना. और ये लाल निशान मत मिटाना."

"मिटाऊँगा नहीं, सलीलभाई. ये तो शगुन है," तल्हाने मला दोन्ही हातांत घेतलं.

मग त्याने फेकलं. सात महिन्यांनी माझ्या अंगाला वारा लागला. मी गिरक्या घेत वर गेलो, आणि वरून मला सलील दिसला. रेषेच्या बाहेर, पूर्वीच्या खांद्यावर हात ठेवून उभा. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण फटीतून बघताना तेच रोज माझ्याही डोळ्यांत असायचं. त्याचा मत्सर गेला नव्हता. तरीही त्याने मला दिलं होतं. पुढचा झेल चुकला आणि मी घरंगळत त्याच्याच पायांशी आलो. त्याने वाकून मला उचललं आणि डाव्या हाताने, खालून, अगदी हलकेच तल्हाकडे टाकलं. चाळीस यार्डांची ती फेक लोक अजून सांगतात. मला विचाराल तर सलीलची सर्वांत अवघड फेक ही होती, जेमतेम पाच पावलांची.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी चांगली वस्तू असेल, जी तुम्ही आता वापरत नाही आणि दुसऱ्या कुणाला देववतही नाही. तिला कपाटात कोंडू नका. पोटात जळजळ झाली तर होऊ द्या, ती आपोआप जाईल याची वाट बघत बसू नका. हात मात्र पुढे करा. आम्ही वस्तू हातात जगतो, कुलपात नाही.

सध्या मी तल्हाच्या पिशवीत असतो. पांढरा अजून काचेच्या कपाटात आहे, शेवाळी रंगाचा. सलीलने त्यावर पुन्हा सह्या घेतल्या नाहीत. पुढच्या दसऱ्याला तल्हाला जेवायला बोलवायचं आणि मलाही घेऊन ये म्हणून सांगायचं, असं सुमनआजींनी ठरवून टाकलं आहे. पाट तसा लहान आहे. पण पांढराही येणार असेल, तर मी थोडा सरकून बसेन.